शहरी हिरवाईचा पैसा रोपांवर खर्च होतो. ती जगवणाऱ्या तरुणांसाठी निधी कोठून आणावा? (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

खाडीकाठ

मुंबईच्या एम पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी या पट्ट्यात, 16 ते 25 वयाच्या मुलामुलींचा एक गट वस्तीतल्या उरल्यासुरल्या मोकळ्या कोपऱ्यांत झाडे लावतो, ती जगवतो आणि कचरा, धूर व पाणी यांविषयीच्या तक्रारींचा पालिकेकडे पाठपुरावा करतो. मी या गटाबरोबर काम करतो. ही चर्चा सुरू करण्यामागे एकच हेतू आहे : अशा गटांना पैसा कोणत्या मार्गाने मिळू शकतो आणि आज तो का मिळत नाही, हे जाणकारांकडून नीट समजून घ्यावे.

या विभागाची ओळख नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात एम पूर्व विभाग सर्वांत तळाला होता. देवनारची कचराभूमी 1927 पासून येथे आहे. जानेवारी 2016 मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांतही दिसत होता. रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळण्याचा प्रकल्पही याच वस्तीलगत उभा राहिला आणि तो हलवावा यासाठी रहिवाशांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. शहरभरातल्या प्रकल्पांसाठी हटवलेली कुटुंबे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींत आणून ठेवली गेली. तेथे दोन इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भर दिवसा दिवे लावावे लागतात. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासाने या घरांतला अपुरा उजेड, कोंडलेली हवा आणि क्षयरोगाचे मोठे प्रमाण यांचा संबंध दाखवून दिला आहे. शहराचा कचरा, शहराचा धूर आणि शहराने उठवलेली माणसे अशी तिन्ही ओझी एकाच विभागाच्या वाट्याला आली. त्यामुळे येथली मुले सावली मागतात, तेव्हा ती शहराकडे आपला राहिलेला हिस्सा मागत असतात.

आता पैशाकडे येतो. जून उजाडला की निधीची चणचण नसते. 5 जूनच्या, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनाच्या, सुमारास कंपन्यांचे कर्मचारी गाडीतून येतात, काळ्या पिशव्यांतली रोपे येतात, फलक लागतात, छायाचित्रे निघतात आणि दुपारपर्यंत सारे परत जातात. रोपांचे, खड्ड्यांचे आणि फलकांचे बिल भागलेले असते. नोव्हेंबरपासून पुढचे सात महिने मात्र त्या रोपांना पाणी कोणी घालायचे, यासाठी कोठेही तरतूद नसते.

आमच्या एका गल्लीच्या टोकाला करंजाचे एक झाड आहे. ते लावले तेव्हा जमिनीत माती कमी आणि राडारोडाच जास्त होता. शेळ्यांपासून वाचवण्यासाठी त्याला बांबू आणि जुन्या साड्या बांधून कुंपण केले. उन्हाळ्यात वस्तीत पिण्याचे पाणीच विकत घ्यावे लागते. अशा वेळी बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने आजूबाजूच्या घरांमधून तांदूळ-भाजी धुतलेले पाणी एका डब्यात जमा करून रोज संध्याकाळी आळ्यात ओतले. आज त्या झाडाखाली भाजीची गाडी उभी राहते आणि शाळेतून येणारी मुले थांबतात. त्या मुलीला या कामासाठी एक रुपयाही मिळाला नाही, आणि बारावीनंतर घरची गरज म्हणून ती एका दुकानात नोकरीला लागली. गटातून ती बाहेर पडली, यात तिचा काहीही दोष नाही. मध्यमवर्गीय घरातल्या मुलांना फुकट स्वयंसेवा परवडते, पण ज्यांच्या अंगणात हा अन्याय उभा आहे त्यांना ती परवडत नाही. तरुणांच्या नेतृत्वाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब आधी मांडायला हवा, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. नोंदणी नसलेल्या तरुण गटाला कायदेशीर मार्गाने निधी मिळू शकतो का? मिळालाच, तर त्यातून मानधन देता येते का? आणि पालिकेचा जो पैसा झाडांच्या नावाने गोळा होतो, त्यावर आमच्यासारख्या विभागाचा हक्क कसा सांगायचा?

लेखापाल

मी सनदी लेखापाल आहे आणि काही सामाजिक संस्थांचे हिशेब पाहतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो, कारण या बाबतीत गैरसमज फार आहेत आणि त्यांचा भुर्दंड नेमका लहान गटांना बसतो.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, ज्या कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांवर खर्च करणे बंधनकारक आहे. याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणाचे रक्षण, परिसंस्थेचा समतोल, हवा-पाणी-मातीची गुणवत्ता यांचा उल्लेख स्पष्ट आहे, त्यामुळे विषयाची अडचण नाही. अडचण पात्रतेची आहे. 1 एप्रिल 2021 पासून कंपन्यांच्या या निधीतून काम करणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारकडे सीएसआर-1 (सीएसआर म्हणजे कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व) हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. त्यासाठी संस्था सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कलम 8 खालील (नफा न वाटणारी) कंपनी असावी लागते, प्राप्तिकर कायद्याची नोंदणी लागते आणि साधारणपणे तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या गटाकडे यांतले काहीही असणार नाही.

यावर व्यवहार्य मार्ग असा, की एखाद्या जुन्या, विश्वासू नोंदणीकृत संस्थेने तुमचे काम आपला प्रकल्प म्हणून स्वीकारावे, त्याचे स्वतंत्र खाते ठेवावे आणि तुमच्या गटातल्या सज्ञान सदस्यांना प्रकल्पाचे कार्यकर्ते म्हणून रीतसर नेमणूकपत्र द्यावे. प्रकल्पाचे निर्णय गटाने घ्यायचे आणि हिशेबाची जबाबदारी संस्थेने घ्यायची, हे लेखी करारात यायला हवे. नाहीतर दोन वर्षांत गटाचे नाव पुसले जाते आणि काम त्या संस्थेचे म्हणून ओळखले जाऊ लागते. असे झालेले मी पाहिले आहे.

मानधनाविषयी तर ठासून सांगतो. कंपन्यांचे अधिकारी अनेकदा सांगतात की प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे पगार देता येणार नाहीत. ही मर्यादा कंपनीने स्वतःचा सामाजिक विभाग चालवण्यावर केलेल्या खर्चाला लागू आहे. प्रकल्पस्थळी पाणी घालणाऱ्या, मोजणी करणाऱ्या, रहिवाशांच्या बैठका घेणाऱ्या व्यक्तीचे मानधन हा प्रकल्पाचा प्रत्यक्ष खर्च आहे. पाणी घालणे हे ‘व्यवस्थापन’ नव्हे, तेच काम आहे. प्रस्ताव लिहिताना मानधनाची रक्कम ‘प्रशासन’ या मथळ्याखाली न टाकता कामाच्या मथळ्याखालीच दाखवावी.

दुसरे असे, की कायद्यात ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे. सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत प्रकल्प चालू ठेवता येतो आणि त्या काळासाठी रक्कम वेगळ्या खात्यात राखता येते. म्हणजे झाड स्वतःच्या मुळांवर उभे राहायला जेवढा काळ लागतो, तेवढ्या काळाची सोय कायद्याने करून ठेवली आहे. तरीही बहुतेक करार मार्चअखेरीस संपणारे असतात, कारण एका वर्षात संपणारा खर्च ताळेबंदात सोपा पडतो.

परदेशी देणग्यांचा मार्ग तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी मोठ्या संस्था लहान गटांना त्यातून छोटी अनुदाने देत असत, ती वाट बंद झाली आहे.

करदाता

खाडीकाठ यांच्या कळकळीविषयी मला आदर आहे, परंतु एक शंका मांडणे मी कर्तव्य समजतो. सार्वजनिक पैसा ज्याच्या हाती जातो, तो पाच वर्षांनी जबाबदारी घ्यायला जागेवर असला पाहिजे. तरुण मुले शिकतात, नोकरीला लागतात, लग्न होऊन दुसरीकडे जातात. आपणच दिलेल्या उदाहरणातली मुलगी गटातून बाहेर पडली. मग हा पैसा पालिकेच्या उद्यान खात्याला देऊन त्यांच्याकडूनच काम चोख करून घेणे अधिक सुरक्षित नाही का? झाडे लावणे आणि जगवणे हे पालिकेचे वैधानिक कर्तव्यच आहे. ते मुलांच्या खांद्यावर का टाकावे?

रोपवाटिका

मी उद्यानविद्येची पदवीधर असून सध्या एक रोपवाटिका चालवते. करदाता यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी झाडाच्या बाजूने काही सांगायचे आहे, कारण निधीचे वेळापत्रक आणि झाडाचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही, हेच या साऱ्या अपयशाचे मूळ आहे.

लागवडीचा दिवस हा झाडाच्या आयुष्यातला सर्वांत सोपा दिवस असतो. पावसाळाभर रोप आपोआप तग धरते. पहिली खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे या काळात होते आणि तशीच परीक्षा दुसऱ्या व तिसऱ्या उन्हाळ्यातही द्यावी लागते. राडारोड्याच्या भरावावर तर ती अधिक कठीण होते, कारण अशा जमिनीत पाणी टिकत नाही, मुळे खाली जाऊ शकत नाहीत आणि दुपारी जमीन भट्टीसारखी तापते. तेथे खड्डा नेहमीपेक्षा मोठा घ्यावा लागतो, पोयट्याची माती व शेणखत बाहेरून आणावे लागते, आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे लागते आणि गुडघाभर रोपाऐवजी सहा-आठ फुटांचे, दोन वर्षे वाढवलेले रोप लावावे लागते. असे रोप महाग असते, म्हणून तेवढ्याच पैशांत त्यांची संख्या कमी बसते. देणगीदाराला मात्र आकडा मोठा हवा असतो.

आकड्यांच्या मोहाचा अनुभव राज्याने घेतलेला आहे. 2016 च्या 1 जुलैला 2 कोटी रोपांपासून सुरू झालेली मोहीम 2019 मध्ये 33 कोटींच्या लक्ष्यापर्यंत पोहोचली. त्यांतली किती जगली यावर विधिमंडळात इतका वाद झाला की चौकशीसाठी आमदारांची समिती नेमावी लागली. मी या मोहिमेच्या हेतूवर शंका घेत नाही. परंतु जिवंत झाडांऐवजी लावलेल्या रोपांवर पैसे दिले, की सगळी यंत्रणा रोपे लावण्यातच गुंतते.

म्हणून निधी देणाऱ्यांना माझी विनंती आहे, की पहिल्या वर्षी लागवडीसाठी एकूण रकमेचा लहान भाग द्यावा आणि उरलेला भाग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षीच्या 1 जूनला जिवंत असलेल्या झाडांच्या मोजणीवर द्यावा. ही मोजणी स्थानिक मुलेच उत्तम करतात. कडुनिंब, करंज, उंबर, बहावा, ताम्हण, कांचन यांपैकी कोणते झाड कोठे तगले आणि कोणते का मेले, याची त्यांची वही माझ्यासारखीलाही शिकवून जाते.

करदाता यांना एवढेच सांगते, की उद्यान खात्याचा टँकर मुख्य रस्त्यावरून जातो. चार फुटांच्या गल्लीत तो शिरत नाही. तेथे माणूसच लागतो आणि तो त्या गल्लीतलाच असावा लागतो.

टेकडीमित्र

पुण्याचा अनुभव मांडतो, कारण आमच्याकडे निधीच्या दोन वाटा उपलब्ध आहेत आणि दोन्हींच्या मर्यादा शिकण्यासारख्या आहेत.

पहिली वाट नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकाची. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामे सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, प्रत्येक कामाला 5 लाख रुपयांपर्यंतची मर्यादा, आणि निवडलेली कामे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतात. अर्ज करण्यासाठी संस्थेची नोंदणी लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. आमच्या भागातल्या महाविद्यालयीन मुलांनी तेथे झाडांच्या बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडून आळी मोकळी करण्याचे काम सुचवले होते. परंतु या पद्धतीत पैसा गटाकडे येत नाही, तो ठेकेदारामार्फत खर्च होतो. आणि फरसबंदी, बाके, दिवे यांसारखी एकदाच करून संपणारी कामे तिच्या चौकटीत चपखल बसतात, तर तीन वर्षे रोज थोडे थोडे करायचे काम बसत नाही.

दुसरी वाट केंद्राच्या नगर वन योजनेची. 5 जून 2020 रोजी ती जाहीर झाली, तेव्हा पुण्याच्या वारजे येथील वनविभागाच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या वनाचाच दाखला देण्यात आला होता. उजाड टेकडीवर रान उभे राहू शकते, हे वारज्याने दाखवून दिले, याचा मला पुणेकर म्हणून आनंद आहे. पण या योजनेचे निकष पाहा. नगर वनासाठी 10 ते 50 हेक्टर आणि नगर वाटिकेसाठी 1 ते 10 हेक्टर जमीन हवी. मदत हेक्टरी 4 लाख रुपये. म्हणजे जिथे किमान अडीच एकर मोकळी जागा आधीपासून आहे, तिथेच हा पैसा पोहोचू शकतो. पुण्यात टेकड्या आहेत म्हणून आम्हाला तो मिळाला. खाडीकाठ यांच्या विभागात सलग अडीच एकर मोकळी जमीन कचराभूमीखेरीज कोठे असणार? ज्या वस्तीला हिरवाईची सर्वाधिक गरज आहे, ती जागेच्या अटीवरच बाद होते. निकष लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, परंतु परिणाम अन्यायाचाच आहे. क्षेत्रफळाच्या जोडीला लोकसंख्येची घनता हाही निकष धरला, आणि दहा गल्ल्यांतली विखुरलेली शंभर झाडे एकत्र मोजून त्यांना एक वाटिका मानले, तर ही योजना दाट वस्त्यांना खुली होईल.

वऱ्हाडकर

नागपुरात 2021 साली अजनी वनातली झाडे प्रस्तावित स्थानक प्रकल्पासाठी तोडली जाऊ नयेत म्हणून तरुण मोठ्या संख्येने पुढे आले. त्यांनी झाडांची मोजणी केली, हरकती नोंदवल्या, न्यायालयीन लढ्याला साथ दिली. या सगळ्याला पैसा लागतो आणि असा पैसा कोणीही देत नाही, कारण देणगीदाराला रोप लावताना दिसायचे असते. उभे झाड वाचवणाऱ्याच्या बाजूला उभे राहायचे नसते. पर्यावरणीय न्यायाच्या निधीत माहिती अधिकाराचे अर्ज, नकाशे, कागदपत्रांच्या प्रती, वकिलाचा सल्ला आणि सुनावणीला जाण्याचे भाडे यांचा समावेश असलाच पाहिजे. ही कामे फक्त रोपांच्या निधीतून होणार नाहीत.

मानधनाविषयी एक सूचना करतो. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 18 ते 35 वयाच्या उमेदवारांना बारावी उत्तीर्ण असल्यास 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये दरमहा विद्यावेतन मिळते आणि ते थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होते. महापालिकांच्या उद्यान खात्यांनी या योजनेखाली वस्तीतल्याच तरुणांना घेतले, तर निदान काही महिन्यांची सोय विद्यमान तरतुदीतून होऊ शकते. प्रशिक्षणाचा काळ मर्यादित असल्यामुळे हा कायमचा उपाय नव्हे. पण एक उन्हाळा निभावून नेण्याची सोय होणे ही लहान गोष्ट नाही.

सॅन होजेकर

मी कॅलिफोर्नियात राहते आणि येथील शहरी हिरवाईच्या कामाशी काही काळ स्वयंसेवक म्हणून जोडलेली आहे. येथील परिस्थिती वेगळी आहे, तरी निधीची रचना आणि तिचे धोके या दोन्हींविषयी येथे घडलेले सांगण्याजोगे आहे.

अमेरिकेत 1930 च्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे तयार करण्यात आले आणि कृष्णवर्णीय व स्थलांतरितांच्या वस्त्या त्यांवर लाल रंगाने धोकादायक म्हणून दाखवल्या गेल्या. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 108 शहरांचा अभ्यास झाला, आणि त्यांतल्या 94 टक्के शहरांत या लाल वस्त्या आजही इतर भागांपेक्षा अधिक तापतात असे आढळले. नव्वद वर्षांपूर्वी ज्यांना कर्ज नाकारले, त्यांनाच आज सावली नाही.

कॅलिफोर्नियाने यावर कायद्याने उपाय केला. प्रदूषण परवान्यांच्या लिलावातून राज्याला जो निधी मिळतो, त्यातला किमान 25 टक्के भाग वंचित वस्त्यांच्या हितासाठी राखण्याचा कायदा 2012 मध्ये झाला. 2016 मध्ये तो कडक करून 25 टक्के पैसा प्रत्यक्ष त्या वस्त्यांच्या हद्दीतच खर्च व्हावा अशी अट आली आणि त्यावर आणखी 10 टक्के कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी व वस्त्यांसाठी राखले गेले. कोणती वस्ती वंचित, हे ठरवण्यासाठी हवा, पाणी, घातक कचरा, दमा, गरिबी अशा अनेक निर्देशकांचा सार्वजनिक नकाशा आहे आणि तो कोणालाही पाहता येतो. कोणाच्या मर्जीवर काही अवलंबून राहत नाही. 18 ते 25 वयाच्या तरुणांना पगार देऊन पर्यावरणाची कामे करून घेणारे राज्याचे दलही येथे 1976 पासून आहे. तरुणांच्या हातचे हे काम आहे, म्हणून ते फुकट व्हावे, असे तेथे कोणी धरून चालत नाही.

धोक्याची बाजूही सांगते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने 2022 च्या कायद्यात शहरी वनीकरणासाठी दीड अब्ज डॉलर दिले आणि 2023 मध्ये त्यातून 385 प्रकल्पांना एक अब्जाहून अधिक रक्कम जाहीर झाली. लहान लहान गटांनी त्यावर माणसे नेमली. 2025 च्या जानेवारीत सरकार बदलताच पर्यावरणीय न्यायाचे आदेश रद्द झाले आणि फेब्रुवारीत आर्बर डे फाउंडेशनमार्फत लहान गटांकडे जाणारे साडेसात कोटी डॉलरचे अनुदान थांबवले गेले. खड्डे खणून झाले होते, रोपे सांगून ठेवली होती, आणि तरुणांची नोकरी गेली. राज्याच्या कायद्यात बांधलेला पैसा मात्र चालू राहिला. म्हणून खाडीकाठ, मोठ्या जाहीर रकमेपेक्षा कायद्यात लिहिलेला लहानसा वाटा मागा, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. करदाता यांच्या शंकेला आधी उत्तर देतो, कारण ती योग्य आहे.

पालिकेचे कर्तव्य मुलांच्या खांद्यावर टाकावे असे माझे म्हणणे नाही. पालिकेने आपले कर्तव्य पार पाडताना या मुलांना कामाचे दाम द्यावे, एवढेच म्हणणे आहे. मुले गट सोडून जातात हे खरे आहे. पण त्यांच्या जाण्याचे मुख्य कारण मानधन नसणे हेच आहे. आमच्याकडे आता प्रत्येक झाडामागे एक मोठा आणि एक लहान अशी जोडी असते, म्हणजे मोठा नोकरीला लागला तरी लहान्याला काम माहीत असते. झाडाची नोंद, पाण्याची पाळी आणि झालेला खर्च गल्लीच्या फळ्यावर लिहिला जातो. जी बाई रोज त्या फळ्यासमोरून पाणी भरायला जाते, तिच्याइतका कडक लेखापरीक्षक आम्हाला दुसरा मिळणार नाही. 18 वर्षांखालील मुलांना आम्ही कचराभूमीच्या परिसरातले कोणतेही काम देत नाही आणि त्यांच्यासाठी मानधनाऐवजी शिक्षणाचा खर्च मागणार आहोत.

हिशेबही मांडतो. सहा तरुण, प्रत्येकी दरमहा 10,000 रुपये, असे धरले तर वर्षाला 7 लाख 20 हजार रुपये होतात. तीन वर्षांचे 21 लाख 60 हजार. पाणी, माती, कुंपण आणि अवजारे यांचा खर्च वेगळा. आता शेजारी दुसरा आकडा ठेवा : मुंबई महापालिकेने 2024 मध्ये पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला, त्यात 2024-25 साठी सुमारे 10,224 कोटी रुपयांची भांडवली कामे हवामानाशी निगडित म्हणून दाखवली आहेत. पालिकेच्याच हवामान कृती आराखड्याने 2016 ते 2021 या काळात शहराने 2,028 हेक्टर हिरवे आच्छादन गमावल्याचे नोंदवले आहे. इतक्या मोठ्या रकमेत प्रत्येक विभागातल्या सहा तरुणांच्या मानधनाला जागा नसेल, हे मला पटत नाही. मात्र भांडवली खर्चाच्या मथळ्यात माणसांचे मानधन बसत नाही, हीच खरी अडचण दिसते. ते महसुली म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चात, उद्यान खात्याच्या देखभालीच्या मथळ्याखाली मागावे लागेल.

लेखापाल, नोंदणीकृत संस्थेमार्फत काम करण्याचा तुमचा मुद्दा आम्ही उचलला आहे. एका जुन्या न्यासाशी बोलणे सुरू आहे आणि निर्णयाचे अधिकार गटाकडे राहतील हे कलम करारात पहिलेच लिहिले आहे.

आणखी एक वाट सुचते, ती वृक्ष उपकराची. महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याखाली प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आहे आणि मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकराची वेगळी ओळ असते. हा पैसा झाडांसाठीच आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी झाडे लावण्याची अट घातली. अशी भरपाईची झाडे कोणत्या विभागात लावली जातात आणि उपकराचा पैसा कोणत्या विभागात खर्च होतो, हे विभागवार कळले तर सॅन होजेकर म्हणतात तसा कायद्यातला वाटा मागण्यासाठी भक्कम आधार मिळेल.

लेखापाल

तर मग माहिती अधिकाराचा अर्ज पुढीलप्रमाणे करा. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून दोन स्वतंत्र अर्ज द्या. पहिल्यात मागील पाच आर्थिक वर्षांत जमा झालेला वृक्ष उपकर आणि त्यातून झालेला खर्च, विभागवार व लेखाशीर्षवार, एवढेच मागा. दुसऱ्यात त्याच काळात तोडण्याची परवानगी दिलेली झाडे, त्यांच्या बदल्यात लावलेल्या झाडांची ठिकाणे आणि आजची जिवंत संख्या मागा. दोन्ही अर्जांत ‘का’ आणि ‘कशासाठी’ असे प्रश्न विचारू नका, फक्त उपलब्ध नोंदींच्या प्रती मागा. नाहीतर माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून अर्ज परत येतो. प्रत्येकी 10 रुपयांचे न्यायालयीन शुल्क मुद्रांक लावा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिल्या अपिलाचा मसुदा मी करून देईन.

रोपवाटिका

दुसऱ्या अर्जात झाडाच्या जातीचा रकानाही मागा. भरपाई म्हणून सुपारी किंवा शोभेचे पाम लावले असतील, तर ते संख्येत मोजले जातात, पण सावली मिळत नाही. करंज आणि ताम्हणाची सहा फुटांची रोपे मी तुमच्या गटासाठी बाजूला ठेवते. पावसाचा जोर ओसरला की न्यायला या आणि येताना तुमची मोजणीची वही घेऊन या.